माझ्या पोटातल्या दोन फरश्या

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी टाकी आहे. लोखंडी म्हणजे स्टीलची, पण लोखंडी म्हटलं की जरा आपलेपणा येतो. आडवी पडलेली, पोट सुटलेली, एका टोकाला दार आणि कुशीला एक गोल जाड काच. ती काच म्हणजे माझा डोळा. तुम्ही शाळेतून रांगेनं येता, त्या काचेला नाक लावून आत बघता आणि नाकाचे ठसे ठेवून जाता. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती शेजारच्या पितळी पाटीबद्दल. 'याच टाकीत आपले पहिले विद्युत इंजिन सलग चार हजार तास चालले.' तुमच्या बाई हे मोठ्यानं वाचतात आणि तुम्ही टाळ्या वाजवता. टाळ्या वाजल्या की माझे कान तापतात. मला कान नाहीत, तरी तापतात. कारण ती पाटी खोटी नाही आणि खरीही नाही. पाटीवर जे लिहिलेलं नाही ते आज सांगून टाकते. फार वर्षं पोटात ठेवलं, आणि माझं पोट केवढं आहे ते तुम्ही बघताच आहात.

जन्म माझा काही फार थोर नाही. एका औषधाच्या कारखान्यासाठी पावडर वाळवायची टाकी म्हणून मला बनवलं. ज्या दिवशी दार बसवायचं त्याच दिवशी वेल्डरच्या घरी जुळी झाली, आणि त्याचं अर्धं चित्त तिकडे होतं. दार बसलं तिरकं. कारखान्यानं मला घ्यायला नकार दिला. तीन वर्षं मी भंगारात पडून होते. एका मांजरीनं माझ्यात दोनदा पिल्लं घातली, तेवढाच काय तो उपयोग.

मग एक दिवस मोजायची टेप घेऊन मॅडम आल्या. मॅडम म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख. उंचीनं बेताच्या, चालणं मात्र असं की मागच्या माणसानं धावावं.

भंगारवाला म्हणाला, "मॅडम, हिच्यात छोटी बस मावेल बघा."

"मला बस नाही ठेवायची," मॅडम म्हणाल्या, "मला हिच्यात काहीच ठेवायचं नाहीये. हवासुद्धा नाही."

भंगारवाल्यानं डोकं खाजवलं. पण मित्रांनो, माझं काम तेच. पंप लावून माझ्या पोटातली हवा काढून घ्यायची, इतकी की आत जवळजवळ काही उरत नाही. वर आकाशाच्या पलीकडे असतं तसं रिकामं. मग त्या रिकाम्या पोटात एक इंजिन ठेवायचं आणि बघायचं की ते वर गेल्यावर कसं चालेल.

इंजिन म्हणजे धूर ओकणारं धूड नव्हे हं. जेवणाच्या ताटलीएवढं. मधोमध एक पांढरी कडी, तिच्यात गोल खोबण, आजूबाजूला लोहचुंबक. खोबणीत झेनॉन नावाचा वायू हळूहळू सोडायचा आणि वीज लावायची. चुंबकामुळे वीज खोबणीतच गरगर फिरत राहते, वायूला धरते आणि निळ्या झोताच्या रूपानं मागे फेकते. इतक्या जोरात, की तुमची पापणी लवेपर्यंत तो अख्खं शहर ओलांडून जाईल. पण ढकलण्याची ताकद किती? वहीची दोन-चार पानं तळहातावर ठेवा, तेवढी. हसू नका. वर हवा नाही, अडवायला कोणी नाही. ती दोन-चार पानं महिनोन्महिने ढकलत राहिली, की यान कुठल्या कुठे जातं. फक्त झोत जाता जाता कडीचा काठ थोडाथोडा खात असतो, आणि काठ संपला की इंजिन संपलं.

आता माझी माणसं सांगते. फार नाहीत, तिघंच.

मॅडम सांगितल्या. दुसरा माझा सांभाळ करणारा मेकॅनिक. काम करताना तो सतत गुणगुणायचा, म्हणून त्याचं नाव पडलं भुंगा. गाणं कुठलं हे त्यालाही माहीत नसायचं. माझं तिरकं दार फक्त त्यालाच लागायचं. डावा खांदा टेकवायचा, उजव्या गुडघ्यानं खाली एक दणका द्यायचा आणि म्हणायचं, "चला ढमाबाई, तोंड मिटा." की मी मिटलेच.

तिसरे भुंग्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भुंगा त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळेच दाजी म्हणायचे. त्यांचा स्वतःचा लेथ होता, कातकामाचं यंत्र. ती पांढरी कडी तेच घडवायचे. भाजलेल्या पांढऱ्या भुकटीची लादी यायची, खडूसारखी दिसायला, साबणासारखी हाताला. जरा जोर जास्त झाला की टवका उडतो. दाजी तिच्यातून केसाइतका फरक न करता कडी काढायचे. लेथवरून उठले की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचे. त्यांना या कामाला आणलं भुंग्यानंच. "आमच्या दाजींसारखा हात नाही," असं मॅडमना छातीठोकपणे सांगून.

आणि मेहुणा-दाजी एका खोलीत आले की मग काय! मॅडम म्हणायच्या, "पंपाचा आवाज परवडला, पण तुम्हा दोघांचा नको."

आता चूक सांगते.

इंजिनाचा झोत माझ्या मागच्या भिंतीवर आदळतो. नुसता आदळत नाही, वाळूच्या माऱ्यासारखा माझं स्टील खरवडतो, आणि ती धूळ उडून आतभर पसरते. ती उडू नये म्हणून मागच्या भिंतीला काळ्या फरश्या लावलेल्या होत्या. पेन्सिलीच्या शिशाचा जो पदार्थ, त्याच्याच. झोताला त्या सहजी खरवडता येत नाहीत. अशा साठ फरश्या. अठ्ठावन्न नीट स्क्रूनं बसवल्या. अगदी मधल्या दोन उरल्या, जिथे झोत सगळ्यात जोरात लागतो. त्यांचे स्क्रू चुकीच्या मापाचे आले. बरोबर मापाचे आठ दिवसांनी येणार, आणि मोठी चाचणी दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची. चार हजार तास, सलग.

भुंग्यानं त्या दोन फरश्या तारेनं बांधल्या.

दाजी तेव्हा आतच होते, कडी बसवत. म्हणाले, "काय रे मेहुण्या, ही काय गाडीची नंबरप्लेट आहे, तारेनं बांधायला?"

"चालतंय हो दाजी. आत वारा थोडाच सुटणार आहे, हलायला?"

"वारा नाही, पण उष्णता?"

"तुम्ही तुमची कडी बघा. माझ्या ढमाबाईचं मी बघतो."

"बघ बाबा. बायकोपेक्षा हिची जास्त काळजी घेतोस, असं तुझी बहीण म्हणत होती."

दोघं हसले. मीही हसले असते. पण मला ठाऊक होतं ना, तार म्हणजे तार. मी गप्प राहिले. हे माझं पहिलं गप्प राहणं.

दाजींनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट बसवली. भुंग्याला माझ्या डोळ्याची काच कधी मळेल ते आधी कळायला हवं असायचं. म्हणून दाजींनी त्याला एक चक्री करून दिली होती. चक्रीवर काचेच्या दहा पट्ट्या, बोटाएवढ्या. एका वेळी एकच पट्टी इंजिनाशेजारी उघडी राहणार, तीही अर्धी, उरलेली अर्धी झाकलेली. बाहेरून मूठ फिरवली की पुढची पट्टी येणार. चारशे तास झाले की एक फिरवायची. पट्टी किती मळली ते बघून आत किती धूळ उडते ते कळणार. "घे, तुझ्या ढमाबाईला बांगड्या," असं म्हणून दाजींनी ती दिली होती.

दुसऱ्या दिवशी निळा झोत लागला. मित्रांनो, ते दिसतं कसं म्हणून सांगू! अंधाऱ्या पोटात एक निळी ज्योत, हलत नाही, डुलत नाही. मॅडम रोज सकाळी येऊन फळ्यावर तास लिहायच्या. शंभर. तीनशे. आठशे.

एक हजार बाराव्या तासाला तार जळून तुटली. आत हवा नाही, म्हणून आवाज झाला नाही. पण माझ्या पाठीला धक्का बसला. दोन्ही फरश्या खाली आल्या आणि माझं उघडं स्टील झोताच्या तोंडी आलं.

भुंगा डबा खात होता. त्याच्या हाताला माझ्या अंगाचा कंप लागला असेल. तो काचेपाशी आला, आत बघितलं, आणि त्याचं गुणगुणणं थांबलं. मागे वळून पाहिलं तर मॅडम खडू घेऊन फळ्यापाशी.

"काय रे, सगळं ठीक?" त्यांनी विचारलं.

हा एक क्षण होता बघा. मला उघडायचं म्हणजे बर्फाहून गार झालेले पंप आधी गरम करायचे, हवा भरायची, पाच-सहा दिवस जायचे, आणि सलग तास मोडले म्हणून पुन्हा शून्यापासून मोजायचं. फरश्या पडल्या कशानं, तर भुंग्याच्या तारेनं.

"ठीक आहे, मॅडम," भुंगा म्हणाला. आणि नोंदवहीत लिहिलं, 'सर्व ठीक.'

त्याला वाईट माणूस म्हणू नका. त्याला वाटलं, खरचटलं तर ढमाबाईचं अंग खरचटेल, कडीला काय त्याचं? माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सोस गं जरा. झालं की मलम लावतो."

पण मी काय केलं ते सांगते. लाज इथे आहे. माझं दार तिरकं. ते नको तेव्हा हजार वेळा गळलेलं. किंचित सैल सोडलं असतं, थोडी हवा आत घेतली असती, तर इंजिन आपोआप बंद पडलं असतं, मला उघडावं लागलं असतं आणि सगळ्यांना सगळं दिसलं असतं. भुंग्याला तोंड उघडावंही लागलं नसतं. पण मी त्या दिवसापासून दार असं घट्ट धरलं की तसं आयुष्यात कधी धरलं नव्हतं. तीन वर्षं भंगारात पडलेल्या बाईला एकदाचं कोणी शाबास म्हणणार होतं. ती शाबासकी मला हवी होती.

पुढचे तीन हजार तास झोत माझं स्टील खरवडत राहिला. ती धूळ परत उडून इंजिनावर बसत राहिली. कडीच्या काठावर तिचा लेप चढला. झोत कडीचा काठ खायला यायचा, तर आधी माझा लेप खायचा. खाऊन होतो न होतो तोच मी नवा चढवायचे. कडी झिजणार कुठून?

चार हजार तास भरले. मला उघडलं, तेव्हा पहिला आत शिरला भुंगा, कारण तो मानच त्याचा. बरोबर मापाचे स्क्रू कधीचे ड्रॉवरमध्ये येऊन पडले होते. टॉर्च तोंडात धरून, गुडघ्यांवर रांगत, त्यानं तासाभरात दोन्ही फरश्या जागच्या जागी बसवल्या. बाहेर आला तर समोर लोक हार घेऊन उभे. एक हार त्याला, एक मला. माझा दाराच्या मुठीला अडकवला.

मग मॅडमनी इंजिनातली कडी काढून वजन केलं. आधीचं आणि नंतरचं वजन जवळजवळ सारखं! मॅडमनी तीन वेळा काटा तपासला. मग चक्क टाळी वाजवली. "दाजी, तुमची कडी अमर आहे!"

दाजी मात्र कडी उलटीपालटी करत होते. "मॅडम, मी पांढरी दिली होती. ही काळी-चकचकीत कशानं झाली? जरा चाकूनं खरवडून बघू?"

"हात नका लावू हो, आता तो इतिहास आहे," मॅडम हसून म्हणाल्या. आणि कडी काचेच्या पेटीत गेली, पाटी लागली. हीच ती पाटी.

तशीच दोन इंजिनं, त्याच लादीतून कापलेल्या कड्या लावून, यानावर गेली. चार हजार तास चालायची होती. सतराशे तासांच्या आत दोन्ही गेली. काठ झिजून झिजून आतले चुंबक उघडे पडले आणि संपलं. वर रिकामं असतं, मित्रांनो. तिथे लेप चढवायला मी नव्हते. यान अर्ध्या वाटेवर लटकून राहिलं.

मग चौकशी. टाकीतली कडी झिजली नाही, वरची झिजली, म्हणजे वरच्या कड्या वाईट. वाईट कोणी दिल्या? चाचणीला चांगली दिली आणि यानाला टाकाऊ दिली, असं लोक बोलायला लागले. दाजी सांगून थकले, "अहो, एकाच लादीतून कापल्यात, शेजारशेजारच्या आहेत." कोण ऐकतो? त्यांच्याकडचं काम बंद झालं. आमच्याकडचंच नाही, इतरांकडचंही. अशी गोष्ट वाऱ्यापेक्षा लवकर पसरते.

एका दुपारी भुंगा माझा पंप खोलून बसला होता. हात तेलात. फोन वाजला, त्यानं कोपरानं बटण दाबलं. त्याची आक्का बोलत होती.

"जेवलास का?"

"जेवतो. बोल ना."

"हे जेवत नाहीयेत. लेथवर चादर घालून ठेवलीय, मेलेल्या माणसावर घालतात तशी. मी काढली तर परत घातली. मला म्हणतात, माझ्याच हातात काही खोट असेल, आता वय झालं."

भुंग्यानं पंपाचा एक नट उगाच आवळला.

"गुरुवारी तुमच्या मॅडमनी बोलावलंय सही करायला. कडीत दोष होता असं मान्य करायचं. करतो म्हणतायत, संपवतो एकदाचं म्हणतायत. तू रोज त्या यंत्रापाशी असतोस. तुला तरी काय वाटतं रे? त्यांच्या हातून झालं असेल असं?"

"नाही गं."

"मग कशानं झालं?"

"बघतो," भुंगा म्हणाला. "हात तेलाचे आहेत. ठेवतो."

त्यानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला. मग कपाटातला बिस्किटांचा डबा काढला. चक्रीवरच्या दहा पट्ट्या त्यात पडून होत्या. काच पुसायचं वेळापत्रक ठरवायचं म्हणून ठेवलेल्या, पण हारतुऱ्यांच्या गडबडीत कोणी बघितल्याच नव्हत्या. त्यानं त्या बाकावर ओळीनं मांडल्या. पहिली, जरा धुरकट. दुसरी, जरा धुरकट. तिसरीपासून पुढची प्रत्येक पट्टी झाकलेल्या अर्ध्या भागात पारदर्शक आणि उघड्या अर्ध्या भागात चकचकीत, आरशासारखी. त्यानं शेवटची उचलून डोळ्यांसमोर धरली. तिच्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसलं.

तो माझ्या काचेपाशी आला. "ढमाबाई," म्हणाला, "तू बसलीस होय कडीवर." आणि थोड्या वेळानं, "मीच बसवलं तुला."

सोमवार होता तो. मंगळवार गेला, बुधवार गेला. भुंगा गुणगुणत नव्हता. खोली इतकी शांत झाली की मॅडम दोनदा पंप बघून गेल्या.

गुरुवारी दाजी आले. धुतलेला शर्ट, इस्त्री मोडू नये म्हणून हात अंगापासून लांब ठेवून चालत होते. कागद माझ्याच समोरच्या टेबलावर होता, कारण पेटीतली कडीही तिथेच होती. मॅडमनी खुर्ची पुढे केली. त्यांचाही चेहरा उतरलेला. त्यांना दाजी मनातून आवडायचे, पण आकडे एक सांगत होते.

"वाचून घ्या दाजी. 'पुरवलेल्या कडीत दोष होता.' एवढंच आहे."

"वाचायचं काय. पेन द्या."

"चहा सांगू?"

"नको. पेन द्या."

पेन भुंग्याच्या खिशाला होतं. दाजींनी त्याच्याकडे हात केला. "काढ की रे. का पेनही तारेनं बांधलंयस?"

ते सहज बोलले, जुन्या सवयीनं. पण भुंगा असा थिजला की मॅडमनी मान वर केली.

"दाजी, सही करू नका."

"का?"

"तारच होती," भुंगा म्हणाला. "मधल्या दोन फरश्या पडल्या होत्या. हजार बाराव्या तासाला. मी बघितलं. मॅडमनी विचारलं तेव्हा ठीक आहे म्हटलं. शेवटी आत शिरून मीच परत लावल्या. ढमाबाईचं स्टील उडून कडीवर बसत होतं, तीन हजार तास. तिनं कडी झिजू दिली नाही. तुमची कडी चांगली पण नव्हती आणि वाईट पण नव्हती. जशी असते तशी होती. खोटी ही टाकी. आणि मी." त्यानं बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला.

मॅडमनी एक पट्टी उचलली. दुसरी उचलली. खाली बसल्या.

दाजी पट्ट्यांकडे बघतच नव्हते. भुंग्याकडे बघत होते.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"फरश्यांचं तेव्हापासूनच. कडीचं सोमवारी कळलं."

"सोमवारी." दाजींनी बोटं मोजली. "सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी तू घरी आला होतास. तुझ्या बहिणीनं तुला वाढलं. मी समोर बसलो होतो, घास उतरत नव्हता. तू पोळी मागून घेतलीस."

भुंगा टेबलावरचा रिकामा डबा सरळ करत राहिला.

"कमाल आहे," दाजी म्हणाले. "पोळी मागून घेतलीस."

मग त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. या वेळी परवानगी विचारली नाही. खिशातला छोटा चाकू काढून कडीच्या काठावर टेकवला आणि हलकेच खरवडलं. माशाच्या खवल्यासारखी एक चकचकीत कपची सुटून टेबलावर पडली. मग दुसरी. खालून पांढरं दिसलं, झिजलेलं. दाजींनी कडी काट्यावर ठेवली आणि मॅडमकडे बघितलं. काटा बराच खाली आला होता.

"त्या दिवशी खरवडू दिलं असतंत तर," दाजी म्हणाले.

"हो," मॅडम म्हणाल्या. "मला हार आवडला होता." त्यांनी कागद उचलला, चार तुकडे केले, आणि दुसरा कोरा कागद पुढे ओढला. "भुंगा, सांग. हळू सांग. हजार बारापासून."

दाजी माझ्याजवळ आले. दारातून आत शिरले, इस्त्रीच्या शर्टासकट. रांगत मागच्या भिंतीपर्यंत गेले. मधल्या दोन फरश्यांच्या फटीतून आत बोट घातलं आणि माझ्या खरचटलेल्या, खड्डे पडलेल्या अंगावरून फिरवलं. मला वाटलं, शिवी देतील. त्यांनी दिली नाही. नुसतं म्हणाले, "एवढं झिजलीस. आणि बोलली नाहीस." शिवी परवडली असती, मित्रांनो.

मॅडमनी सगळं वर कळवलं, स्वतःच्या चुकीसकट. दाजींना माफीचं पत्र गेलं. त्यांचं काम परत यायला वर्ष लागलं. जे लोक लगेच ऐकतात ते परत यायला वेळ लावतात. भुंग्याला सहा महिने माझ्यापासून लांब, कोठारात ठेवलं. माझं दार दुसऱ्या कोणाला लागेना, म्हणून परत आणलं.

दाजींनी नव्या फरश्या करून दिल्या. दर फरशीला आठ स्क्रू, सगळे त्यांनी स्वतः कापलेले. बसवायलाही स्वतः आले. भुंगा बाहेरून पाना देत होता. दाजी पाना घ्यायचे, पण त्याच्याशी बोलायचे नाहीत. माझ्याशी बोलायचे. "ढमाबाई, तुझ्या माणसाला सांग, दहा नंबर दे म्हणावं." "ढमाबाई, हा नव्हे, छोटा." असे तीन दिवस. दोघांचा निरोप्या झाले मी, आणि मला एक अक्षर बोलता येत नाही.

शेवटच्या फरशीचा शेवटचा स्क्रू आवळून दाजी आतच पडून राहिले, पाठ टेकून. बाहेर भुंगा उभा. 

आतून दाजींचा आवाज आला, "अरे, गुणगुण की जरा. पंप बंद पडल्यासारखं वाटतंय."

भुंग्याला पहिल्यांदा जमलंच नाही. घसा साफ केला, मग जमलं. सूर नव्हता. तसा तो कधीच नव्हता.

त्यानंतर कितीतरी इंजिनं माझ्यात चालली. पहिलं खरं चाललं ते एकोणीसशे तासांत झिजलं. कोणी हार आणला नाही. मॅडमनी फळ्यावर एकोणीसशे लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "आता कुठे कळलं काय दुरुस्त करायचंय ते." मग त्यांनी चुंबक असे फिरवले की झोत कडीच्या काठाला शिवणारच नाही. पुढची इंजिनं वर्षानुवर्षं चालली, वरसुद्धा. त्यांच्या नावाची पाटी नाही. पाटी आहे ती पहिल्याच चाचणीची, आणि ती कोणी बदलत नाही, कारण पितळ चांगलं आहे.

आता मी म्हातारी झाले. माझ्यापेक्षा मोठी टाकी पलीकडच्या खोलीत आली. तिचं दार सरळ आहे. मला इथे तुमच्यासाठी ठेवलंय. मॅडम नाहीत, दाजी नाहीत. भुंगा कधीमधी काठी टेकत येतो, माझ्या दाराला गुडघा लावतो आणि म्हणतो, "गुडघा गेला गं, ढमाबाई." आम्ही दोघं जरा वेळ बसतो.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. माझी धूळ झटका, काच पुसा, दाराला तेल घाला, सगळं आवडतं मला. पण काचेच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, बोटाएवढी एक काचेची पट्टी चिकटवलेली दिसेल. अर्धी स्वच्छ, अर्धी चकचकीत. भुंग्यानं लावलीय. मागच्या आठवड्यात तुमच्यातल्याच एका मुलीला वाटलं, डाग आहे. ती बाहेरून थुंकी लावून रुमालानं घासत राहिली. मग थांबली, कारण तिला त्यात स्वतःचं तोंड दिसलं. बराच वेळ बघत उभी होती.

ते माझं अंग आहे. जिथे जायला नको होतं तिथे जाऊन बसलेलं. बाकी सगळं पुसा. तेवढी पट्टी राहू द्या.